रब्बी ज्वारीला खत मानवतं का? आपल्याच रानात घ्यायची चाचणी

सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या खताबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे 'ज्वारी ओलीवर येते, तिला कशाला हवंय खत?' आणि दुसरं, 'एकरी एक पोतं डीएपी पडल्याशिवाय कणीस भरत नाही.' दोन्ही बोलणाऱ्यांनी आपापलं पीक डोळ्यांनी पाहिलेलं असतं, खोटं कुणीच बोलत नसतं. पण खत टाकलेलं रान ओढ्याकाठचं खोल काळं आणि बिनखताचं माळाकडचं मुरमाड. एकाची पेरणी उत्तरा नक्षत्रात, दुसऱ्याची हस्त संपताना. आता पिकात जो फरक दिसतो तो खताचा, जमिनीचा की तारखेचा, हे कोण सांगणार?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी जमिनीच्या खोलीप्रमाणे शिफारस दिली आहे. हलक्या जमिनीला हेक्टरी २५ किलो नत्र (नायट्रोजन), मध्यम जमिनीला ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद (फॉस्फरस), भारी जमिनीला ६० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद. सगळं खत पेरणीच्याच वेळी. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, तेव्हा हे आकडे हवेतून आलेले नाहीत. तरीही ते सरासरी जमिनीचे आहेत, आणि एकाच रानात वरच्या बांधाला वीतभर माती आणि खालच्या बांधाला दीड मीटर काळी, हे इथलं रोजचं चित्र. शिफारस जिथून सुरू करायची ती जागा आहे, तिथून पुढचं उत्तर आपल्या रानातच शोधावं लागतं. त्यासाठी १६ गुंठे जागा, एक चांगला वजनकाटा आणि एक वही लागते.

आधी प्रश्न नक्की करा

'कोणतं खत चांगलं?' हा चाचणीचा प्रश्न होत नाही. मध्यम काळ्या रानात एका हंगामात उत्तर मिळेल असे प्रश्न तीन. नत्राने उत्पन्न वाढतं का? नत्राच्या जोडीला स्फुरद दिलं तर त्यावर आणखी वाढतं का? आणि आपण दरवर्षी जे करतो ते या दोन्हींपेक्षा सरस आहे का? म्हणून चार प्रकार ठेवायचे:

अ – बिनखताचा तुकडा
आ – फक्त नत्र, हेक्टरी ४० किलो, युरियातून
इ – नत्र ४० आणि स्फुरद २० किलो, युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेटमधून
ई – घरची रीत, म्हणजे उदाहरणार्थ एकरी एक पोतं डीएपी

बिनखताच्या तुकड्याला बहुतेकांचा विरोध असतो. 'चार गुंठे वाया घालवायचे का?' पण तो नसेल तर बाकीच्या तिघांना मोजायचं कशाशी? इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात एक पट्टा आजही बिनखताचा ठेवलेला आहे, तो याचसाठी. ज्याला जागाच कमी आहे त्याने 'ई' सोडावा, 'अ' सोडू नये.

'इ' मध्ये डीएपी का नको, हेही समजून घ्या. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद एकाच दाण्यात असतं, त्यामुळे पीक सुधारलं तर श्रेय कुणाचं ते कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र, सिंगल सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद, दोघं वेगळे राहतात. सिंगल सुपरमध्ये ११ टक्क्यांच्या आसपास गंधकही येतं. म्हणून 'इ' सरस ठरला तर त्यात थोडा वाटा गंधकाचा असू शकतो, एवढं वहीत लिहून ठेवा.

आणि घरच्या रीतीचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. ५० किलो डीएपी म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. मध्यम जमिनीची शिफारस एकरी १६ किलो नत्र आणि ८ किलो स्फुरद. म्हणजे आपण जवळजवळ तिप्पट स्फुरद देतोय आणि नत्र निम्म्याच्या थोडं वर. दुकानातून महागडं पोतं आणायचं आणि पीक ज्याला भुकेलं आहे तेच कमी द्यायचं, असा हा व्यवहार आहे. माझं मत इथे स्पष्ट आहे, पण चाचणी घ्यायची ती मत बाजूला ठेवून.

जागा निवडताना

रानाची कुंडली घरातल्या जुन्या माणसाला विचारा. उकिरडा कुठे होता, मेंढ्या कुठे बसवल्या होत्या, तूर कुठे होती, पाणी कुठे साचतं. मेंढरं बसलेल्या जागेवर दोन-तीन वर्षं पीक वेगळंच दिसतं आणि ती जागा एखाद्या तुकड्यात आली की सगळा हिशेब बिघडतो. लिंबाची किंवा बाभळीची सावली, बांधालगतची हराळी, चोपण (खारवट, घट्ट बसणारी जमीन), चुनखडीचा पट्टा, हे सगळं टाळायचं. बांधापासून निदान चार मीटर आत या. यंदा तिथे शेणखत टाकू नका. टाकलंच असेल तर ते सगळीकडे सारखं पडलंय याची खात्री हवी.

खोली पाहायला पहार किंवा लांब सळई पुरते. पाऊस पडून गेल्यावर ओल्या रानात दर दहा पावलांवर सळई दाबायची, मुरूम लागेपर्यंत किती गेली ते लिहायचं. अर्ध्या तासात रानाचा नकाशा तयार होतो. चाचणीची सगळी आखणी याच नकाशावर बेतायची आहे.

मातीचा नमुना पेरणीआधी, खत पडण्यापूर्वीच घ्या. दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढायची, एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर ते कमी धरतात. आपल्या काळ्या जमिनींत ते कमीच निघतं, आणि पालाश (पोटॅश) बहुधा भरपूर. म्हणूनच वरच्या चार प्रकारांत पालाश घेतलेलं नाही.

तुकडे आखणं

तीन फणांच्या तिफणीच्या तीन फेऱ्या म्हणजे ९ ओळी. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर धरलं तर रुंदी ४.०५ मीटर. लांबी २५ मीटर ठेवली की तुकडा १०१.२५ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. चार प्रकारांचे चार तुकडे मिळून एक गट, आणि असे चार गट. एकूण १६ गुंठे.

गट कशाला? एकेकच तुकडा केला तर जमिनीचा फरक खताच्या नावावर जमा होतो. चार गट वेगवेगळ्या खोलीवर असले तरी चालतात, पण एका गटातले चारही तुकडे सारख्या खोलीवर हवेत. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. ते बिनखताचे चारही तुकडे बांधाकडेला टाकतात, खताचे मधल्या चांगल्या जागेवर, आणि मग खत भारी ठरतं. उताराला आडव्या ओळी असतील आणि रान लांब असेल तर गटातले चार तुकडे टोकाला टोक लावून एकाच पातळीवर घ्या, मध्ये मीटरभर वाट सोडा. रान अरुंद असेल तर शेजारी-शेजारी. कोणतं बरं ते सळईचा नकाशा सांगेल.

गटात कोणता प्रकार कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. अ, आ, इ, ई लिहिलेल्या चार चिठ्ठ्या डब्यात घालायच्या आणि पोराला काढायला सांगायच्या. प्रत्येक गटासाठी पुन्हा नव्याने. 'मी न्यायाने वाटतो' म्हणणाऱ्याचा हातसुद्धा चांगल्या जागेकडे वळतोच. कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि नकाशा वहीत काढून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण खुंट्या सरपणाला जातात.

खताच्या पुड्या

एका गुंठ्याच्या तुकड्याला लागतं ते असं. हेक्टरी ४० किलो नत्रासाठी युरिया ८८० ग्रॅम. हेक्टरी २० किलो स्फुरदासाठी सिंगल सुपर १ किलो २६५ ग्रॅम. एकरी एका पोत्याच्या हिशेबाने डीएपी १ किलो २५० ग्रॅम. तुकड्यात तिफणीच्या तीन फेऱ्या, म्हणून प्रत्येकाचे तीन भाग: युरिया २९३ ग्रॅम, सिंगल सुपर ४२२ ग्रॅम, डीएपी ४१७ ग्रॅम. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी उत्तम. पोती तोलायचा काटा इथे कामाचा नाही.

आता अडचण येते ती चाड्यावर, म्हणजे पेरताना बी-खत सोडायच्या नरसाळ्यावर. २९३ ग्रॅम युरिया २५ मीटर पुरवायचा म्हणजे चिमटीने सोडावा लागतो आणि पहिल्या दहा मीटरमध्येच संपतो. यावर उपाय म्हणून कोरडी चाळलेली माती घ्या आणि प्रत्येक पुडीतलं खत मातीत मिसळून एकूण वजन दोन किलो करा. बिनखताच्या तुकड्याच्या पुडीत नुसती दोन किलो माती. मग सगळ्या पुड्या सारख्याच भरतात, चाडं धरणाऱ्याचा हात सारखाच चालतो, आणि कोणत्या पुडीत काय आहे हे त्याला न सांगता काम होतं. पुड्यांवर फक्त तुकड्याचा नंबर लिहा. 'इ' च्या पुड्या मात्र पेरणीच्या दिवशी सकाळीच बांधा. युरिया आणि सिंगल सुपर एकत्र करून ठेवले की पाणी सुटून गोळा होतो.

पेरणी

पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. सगळे १६ तुकडे एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हाताने, एकाच पिशवीतल्या बियाण्याने. वाण जमिनीला शोभेल तो: हलकीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारीला फुले वसुधा. एकदा ठरला की चाचणीत दुसरा वाण मिसळू नका. एकरी ४ किलो बी, काणीसाठी किलोला ४ ग्रॅम गंधकाची बीजप्रक्रिया.

खत आणि बी दोन चाड्यांच्या तिफणीने एकदमच पडलं पाहिजे आणि खत बियाच्या खाली, ओलीत गेलं पाहिजे. कोरडवाहूत हा मुद्दा खताच्या मात्रेइतकाच मोठा आहे. रब्बीत वरची माती आठवड्याभरात सुकते आणि मुळं खाली ओलीच्या मागे जातात. वर फेकलेला युरिया तिथेच पडून राहतो आणि चुनखडीच्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. असा युरिया टाकून 'ज्वारीला खत लागत नाही' असं म्हणणाऱ्याने खत तपासलेलंच नसतं. युरिया बियाला चिकटून पडला तर उगवण मारतो, म्हणून मध्ये मातीचा थर हवा.

बिनखताच्या तुकड्यातही खताचं चाडं आणि फण चालवायचाच, मातीची पुडी सोडत. फण जास्त खोल गेला की माती हलते, ओल उडते, मुळांना वाट मिळते. हे सगळं चारही प्रकारांत सारखं घडायला हवं.

पेरणीच्या दिवशीची ओल मोजा. प्रत्येक गटात एका ठिकाणी गिरमिटाने ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटरची माती काढून लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. घरी १०० ग्रॅम तोलून तव्यावर मंद आचेवर हलवत सुकवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. प्रयोगशाळेत हेच काम १०५ अंशाच्या भट्टीत होतं. तव्यावरचा आकडा तितका काटेकोर नसतो, पण या वर्षीची ओल आणि पुढच्या वर्षीची ओल ताडून पाहायला पुरतो. शेजारी सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये लिहीत जा.

पीक उभं असताना

उगवणीनंतर विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटिमीटर ठेवा. ताटांची संख्या सारखी नसेल तर पुढची सगळी तुलना लंगडी पडते. खोडमाशीने पोंगे (रोपांचे मधले कोवळे शेंडे) मेले असतील तर तुकड्यानिहाय मोजून लिहा. कोळपण्या साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, आणि प्रत्येक कोळपणी सगळ्या तुकड्यांत एकाच दिवशी. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात ते इथे शब्दशः लागू आहे: तीन तुकड्यांच्या भेगा बुजल्या आणि चौथा सोमवारवर राहिला तर तुम्ही कोळपणी तपासताय.

महिन्याभराच्या पिकाला पाहून निकाल लावू नका. नत्राचे तुकडे तेव्हा काळेभोर, उंच दिसतात, येणारा-जाणारा थांबून विचारतो. पण जास्त पाला म्हणजे जास्त पाणी उपसणं. हलक्या जमिनीत पोटरीपर्यंत डोलणारं पीक फुलोऱ्यानंतर ओल संपून बसतं, दाणे बारीक राहतात, आणि खडखड्या रोगाने ताटं बुडातून मोडतात. कोरडवाहूत खताने नुकसान होतं ते असं. म्हणून दाणे भरताना प्रत्येक तुकड्यात लोळलेली ताटं मोजा, एखादं खोड चिरून आत काळी भुकटी आहे का पाहा. ही नोंद धान्याच्या वजनाइतकीच बोलकी असते.

आणि हुरड्याचं काय? पाहुणे येतील, पोरं येतील. चाचणीच्या १६ गुंठ्यांतलं एकही कणीस मोडायचं नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. पाखरं मात्र कुणाचं ऐकत नाहीत, राखण करावीच लागते.

काढणी आणि तोलणी

कडेच्या ओळी शेजारच्या तुकड्यातलं खत चोरतात. म्हणून प्रत्येक बाजूच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच मीटर आधी काढून बाजूला टाका. मध्ये उरतात ५ ओळी, २० मीटर लांब, म्हणजे ४५ चौरस मीटर. तोलायचं ते एवढंच. इथे एक सोय आहे: या ४५ चौरस मीटरमधले किलो गुणिले ९० केले की एकरी किलो मिळतात.

कणसं तुकड्यानिहाय वेगळ्या पोत्यात, आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी. सगळी पोती सारखेच दिवस उन्हात वाळवून मग मळा आणि धान्य तोला. ओलं आणि वाळलेलं धान्य एकाच काट्यावर घेतलं तर फरक पाण्याचा निघेल. कडबाही वाळवून तोला. या भागात बऱ्याचदा ज्वारीचे पैसे कडबा उचलून धरतो, आणि दुष्काळी वर्षी तर धान्यापेक्षा त्याचीच वाट पाहिली जाते. नत्राचा परिणाम कडब्यावर आधी दिसतो.

आकडे वाचायचे कसे

नुसती सरासरी काढून थांबू नका. प्रत्येक गटात 'आ' मधून 'अ' वजा करा, मग 'इ' मधून 'आ'. समजायला एक काल्पनिक हिशेब घेऊ. 'आ' वजा 'अ' चार गटांत १.८, १.५, २.१ आणि १.४ किलो आलं. चारही ठिकाणी नत्र पुढे, सरासरी १.७ किलो, म्हणजे एकरी १५३ किलो. खताचा काहीच परिणाम नसता तरी नुसत्या योगायोगाने तोच प्रकार चारही गटांत पुढे राहण्याची शक्यता १६ मध्ये १. तेव्हा यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. आता 'इ' वजा 'आ' पाहा: ०.३, उणे ०.२, ०.५, ०.२. सरासरी ०.२ किलो, एकरी १८ किलो, आणि एका गटात तर उलटंच. स्फुरदाने फायदा झाला असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. झाला नाही असंही ठामपणे म्हणता येत नाही.

मग पैसे. हेक्टरी ४० किलो नत्र म्हणजे एकरी साधारण ३५ किलो युरिया. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना धरलं तर खर्च साधारण २०७ रुपये. स्फुरदासाठी एकरी एक पोतं सिंगल सुपर, त्याची किंमत तुमच्या पावतीवरची घ्या. वाढलेलं धान्य आणि कडबा तुमच्या बाजाराच्या भावाने मांडा, आणि जादा मळणी, वाहतूक वजा करा. युरियाचा खर्च भरून निघायला फार थोडी वाढ पुरते, स्फुरदाला जास्त लागते. 'ई' ची ओळही याच पद्धतीने लिहा आणि डीएपीच्या पोत्याच्या शेजारी ठेवून पाहा.

एका वर्षाच्या आकड्यांवर पुढचं सगळं रान पेरू नका. निदान तीन रब्बी हंगाम घ्या आणि प्रत्येक वर्षीच्या निकालाशेजारी पेरणीची ओल व नंतरचा पाऊस लिहा. तीन ओळी झाल्या की दिसायला लागतं की खालच्या दोन फुटांत ओल भरलेली असते त्या वर्षी नत्राचे पैसे सुटतात का, आणि वरवर ओल असते त्या वर्षी ते अंगावर येतात का. तेव्हा खताचा निर्णय सप्टेंबरच्या अखेरीला गिरमिट हातात घेऊन करता येतो: ओल खोलवर असेल तर पूर्ण मात्रा, मध्यम असेल तर निम्मी, नाहीतर पोतं घरातच.

दुसऱ्या वर्षी चाचणी त्याच जागी की नव्या? स्फुरद जमिनीत शिल्लक राहतं आणि पुढच्या पिकाला मिळतं, त्यामुळे तुकडे तेच ठेवून प्रकार बदलले तर सगळा गोंधळ होतो. एकतर जागा बदला, नाहीतर त्याच तुकड्यात तोच प्रकार तिन्ही वर्षं चालू ठेवा. मी दुसरा मार्ग निवडेन, कारण बिनखताचा तुकडा तिसऱ्या वर्षी किती खाली जातो हे त्यातच कळतं. खुंट्यांऐवजी मग कोपऱ्यांना दगड पुरा, नांगराच्या खाली जातील इतके खोल, आणि बांधावरच्या एका पक्क्या खुणेपासून त्यांची अंतरं टेपने मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.